मुदत संपलेली इन्स्टंट फिल्म: डाग कुठे पडला ते आधी बघा

इन्स्टंट फिल्मच्या, म्हणजे काढताच कॅमेऱ्यातून फोटो बाहेर येणाऱ्या फिल्मच्या, जुन्या पॅकमधून बिघडलेला फोटो बाहेर आला की सगळे खापर तारखेवर फुटते. यातले निम्मे खापर चुकीच्या डोक्यावर असते. रोलरवर वाळलेला रसायनाचा लेप, दमलेली बॅटरी, फ्रिजमधून काढून लगेच उघडलेले पॅक, भर उन्हात उघडा धरलेला फोटो यांचे डाग जुन्या फिल्मच्या दोषांसारखेच दिसतात, आणि यातली बरीच कारणे पाच मिनिटांत दूर होतात. मात्र पोलरॉइडच्या आजच्या पॅकमध्ये ८ आणि फुजीच्या इन्स्टॅक्समध्ये १० च फोटो असतात. त्यामुळे एकामागून एक काढत बसण्यापेक्षा पहिला बिघडलेला फोटो नीट वाचणे स्वस्त पडते.

तारीख नक्की कसली आहे?

इन्स्टॅक्सच्या खोक्यावर मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष छापलेले असते. पोलरॉइडच्या आजच्या खोक्यावर मात्र उत्पादनाची तारीख असते आणि त्यापुढे १२ महिन्यांत फिल्म वापरावी अशी कंपनीची सूचना आहे. ही तारीख मुदतीची समजून सात-आठ महिन्यांचे चांगले पॅक लोक ‘एक्सपायर्ड’ म्हणून विकून टाकतात. घेणाऱ्याचा फायदा.

जुन्या मालातही फरक आहे. मूळ पोलरॉइड कंपनीने २००८ मध्ये इन्स्टंट फिल्म बंद करत असल्याचे जाहीर केले. तिच्या ‘६००’ प्रकारच्या फिल्मच्या शेवटच्या पॅकांवर २००९ ची मुदत आहे. २००८ मध्येच ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’ या नव्या कंपनीने नेदरलँड्समधील एन्स्केडेचा कारखाना ताब्यात घेतला आणि २०१० पासून नवी फिल्म आणली, पण तिची रसायने नव्याने जुळवावी लागली होती. म्हणून २००९ चा पॅक आणि २०१२ चा पॅक दोन्ही ‘जुने’ असले तरी त्यांचे रोग वेगळे. पहिल्याचा लेप आता बहुधा वाळलेला आणि बॅटरी मेलेली असते. दुसऱ्यात लेप असतो, पण प्रतिमा फिकी पडते आणि फोटो बाहेर येताना प्रकाशाला फार हळवा असतो. थंड जागी ठेवलेला, मुदत उलटून एक-दोन वर्षे झालेला इन्स्टॅक्स सहसा फारसा त्रास देत नाही. २००९ चा पॅक फोटोंसाठी म्हणून घेऊच नये, शोभेला घ्यावा.

डागाची जागा काय सांगते

पोलरॉइडचा फोटो म्हणजे बंद पाकीट. खालच्या जाड पांढऱ्या पट्टीत रसायनाची पुडी असते. मोटर फोटोला दोन पोलादी रोलरांमधून ओढते, जाड पट्टी आधी. पुडी फुटते आणि खळीसारखा दाट लेप निगेटिव्ह आणि वरचा पारदर्शक थर यांच्यामध्ये विरुद्ध टोकापर्यंत पसरत जातो. उरलेला लेप वरच्या पट्टीत अडकतो. लेपात पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा तीव्र अल्कली, पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, दाटपणा आणणारा पदार्थ आणि अल्कलीत गडद होणारे रंगद्रव्य असते. हे रंगद्रव्य म्हणजे फोटोच्या आतली छत्री. उजेडात बाहेर आलेला फोटो तिच्यामुळे वाचतो. पुढे आतला आम्लाचा थर अल्कली मारतो, छत्री विरते आणि चित्र दिसू लागते.

एवढे ध्यानात ठेवले की निदान सोपे होते. लेपाचा प्रवास जाड पट्टीकडून वर असतो, म्हणून लेप कमी पडला तर वरचे कोपरे आधी उपाशी राहतात. रोलरवर घाण असेल तर तोच डाग रोलरच्या परिघाइतक्या अंतरावर पुन्हा पुन्हा उमटतो. छत्री नीट उघडली नाही तर जो भाग उजेडात आधी आणि जास्त वेळ राहिला तो धुपतो. थर म्हातारे झाले असतील तर दोष सगळ्या फोटोभर सारखा असतो, त्याला कडा नसते. थोडक्यात, कडा असलेला डाग बहुधा यंत्राचा किंवा लेपाचा आणि कडा नसलेला दोष वयाचा.

वरचे कोपरे कोरे, कमानीसारखी कड

सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. कोऱ्या भागाचा रंग फिल्मप्रमाणे तपकिरी, पिवळसर किंवा पांढरा असू शकतो. त्याकडे लक्ष देऊ नका, आकाराकडे द्या. लेप मध्ये पुढे आणि बाजूंना मागे राहिला की कड कमानीसारखी होते.

दोन्ही कोपरे सारखेच कोरे असतील तर लेप घट्ट झाला आहे किंवा कमी उरला आहे. पुडीचे अस्तर कितीही चांगले असले तरी वर्षानुवर्षे त्यातून पाणी उडत राहते. थंडीने लेप आणखी घट्ट होतो. पोलरॉइड फिल्म १३ ते २८ अंश सेल्सियसमध्ये वापरायची असते, जुन्या पॅकसाठी त्यातली वरची बाजू धरा, २४ ते २७. पॅक शर्टाच्या आतल्या खिशात अर्धा-पाऊण तास ठेवला तरी पुरते. हेअर ड्रायर, शेक घ्यायची पिशवी, उन्हातला डॅशबोर्ड नको. बाहेरची बाजू तापते, आतली तशीच राहते, आणि वर पिवळी झाक येते ती वेगळीच.

एकच कोपरा कोरा असेल आणि प्रत्येक फोटोत तोच असेल, तर पॅक उभा ठेवलेला असण्याची दाट शक्यता आहे. पुडीतला लेप एका टोकाला जमतो. म्हणून पॅक सपाटच ठेवायचा, फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात बाटल्यांसारखा उभा कधीही नाही. पॅक सपाट ठेवलेला होता आणि तरी तोच कोपरा कोरा राहतो, तर त्या बाजूच्या रोलरचे टोक तपासा.

फोटो बाहेर येताना मोटरचा आवाज ओढल्यासारखा, मंद येत असेल तर दोष बॅटरीचा. रोलर एकसारख्या वेगाने फिरले नाहीत तर लेप टप्प्याटप्प्याने पसरतो आणि फोटोवर आडवे पट्टे दिसतात.

सगळे करूनही लेप पोचत नसेल तर शेवटचा उपाय स्वयंपाकघरातला. फोटो बाहेर येताच सावलीत, सपाट टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ठेवा आणि गुळगुळीत लाटणे जाड पट्टीकडून वरच्या टोकाकडे एकदाच, एकसारख्या दाबाने फिरवा. पहिल्या दहाएक सेकंदांत करायचे. पुडीत अडकलेला लेप कधी कधी पुढे सरकतो. आधीच पसरलेल्या भागावर पट्टे उमटण्याचा धोका असतो, आणि परत परत लाटले तर पाकिटाची शिवण उसवून लेप बाहेर येतो. तो त्वचेला भाजतो. हाताला लागला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेला तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा आणि डॉक्टरांकडे जा. फोटो झटकू नका, दुमडू नका. झटकल्याने लवकर उमटतो हा समज जुन्या, सोलायच्या (उमटल्यावर निगेटिव्ह हाताने सोलून वेगळी करायच्या) फिल्मच्या काळातला आहे. तेव्हा ओला फोटो वाळवायला तो हलवत. पाकीटबंद फोटोत झटकल्याने फक्त थर सुटतात.

ठरावीक अंतराने तेच ठिपके

फोटोवर पट्टी ठेवून मोजा. दोन ठिपक्यांमधले अंतर सगळीकडे सारखे असेल तर फिल्म निर्दोष आहे, रोलर धुवा. जुन्या पॅकच्या पुड्या कडेने गळतात, त्यामुळे रोलर नेहमीपेक्षा लवकर घाण होतात. एरवी दर पॅकनंतर एकदा पुसायचे, इथे दर तीन-चार फोटोंनी बघायचे.

पोलरॉइडच्या कॅमेऱ्यात पुढचे दार उघडले की रोलर दिसतात. धागे न सुटणारे सुती कापड कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा. रोलर बाजूच्या दंतचक्राने थोडे थोडे फिरवत पूर्ण घेर पुसा. वाळलेला लेप पांढऱ्या चुन्यासारखा दिसतो, त्यावर ओले कापड मिनिटभर धरून ठेवले की सुटतो. नखाने, चाकूने, सँडपेपरने खरवडू नका, पडलेला ओरखडा पुढच्या प्रत्येक फोटोवर छापला जाईल. पूर्ण कोरडे झाल्यावरच पॅक घाला. पॅक अर्धा वापरलेला असताना तो बाहेर काढावा लागला तर सर्वांत वरचा एक फोटो उजेडात जातो. खालच्यांना वरच्याची अपारदर्शक पाठ झाकते, म्हणजे नुकसान एकाचेच.

इन्स्टॅक्समध्ये रोलर आत दडलेले असतात. तिथे कोरडे मऊ कापड फोटो बाहेर येण्याच्या फटीशी जाईल तेवढेच चालवा. उघडाउघडी नको, आत फ्लॅशचा कपॅसिटर आहे आणि बॅटरी काढल्यावरही त्यात जोरदार झटका शिल्लक असतो.

काळा काळा राहत नाही

इथे खरोखर वय बोलते, आणि इथेच बहुतेक जण उलटी दुरुस्ती करतात. फोटो फिका आला की एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा उजेड) कमी, गडद आला की जास्त, एवढ्याने भागत नाही, कारण जुन्या फिल्ममध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असतात.

पोलरॉइडमध्ये प्रकाश लागलेल्या चांदीच्या कणांपाशी रंग अडकून पडतो आणि प्रकाश न लागलेल्या जागचा रंग वर येऊन चित्र बनवतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने काही कण प्रकाशाशिवायच ‘लागल्यासारखे’ होतात. तिथला रंग अडकतो, वर येत नाही. परिणामी सावल्या राखाडी किंवा मातकट होतात. ही धूसरता. दुसरीकडे काही कणांची संवेदना मंदावते, त्यामुळे उजळ भाग पुरेसे उजळत नाहीत. पांढरा शर्ट मळका दिसतो. हा वेग घटणे. आयएसओ (प्रकाशाला संवेदनेचा आकडा) ६४० ची ६०० किंवा आय-टाइप (पोलरॉइडच्या आजच्या कॅमेऱ्यांची) फिल्म मग तितकी वेगवान राहत नाही.

म्हणून पहिल्या फोटोत एक पांढरी वस्तू, एक गडद काळी वस्तू आणि माणसाचा चेहरा असू द्या. मोकळ्या सावलीत, फ्लॅशशिवाय, कॅमेऱ्याची उजेडाची सरकपट्टी मध्यावर ठेवून काढा. पूर्ण उमटू द्या: पोलरॉइडच्या रंगीत फिल्मला १०-१५ मिनिटे, कृष्णधवलला ५-१०. मग आधी पांढऱ्याकडे बघा. तो मळका असेल तर सरकपट्टी एक पायरी उजळ बाजूला. पांढरा ठीक आणि काळा राखाडी असेल तर एक्स्पोजर वाढवू नका, काळा आणखी फिकेल. अर्धी पायरी गडद बाजूला न्या, आणि मुळात कडक सावल्या असलेले, भरपूर विरोधाचे दृश्य निवडा. ढगाळ दुपारी धूसर फिल्मवर काढलेले दृश्य धुक्यात बुडाल्यासारखे येते. पांढरा मळका आणि काळाही राखाडी, अशी दुहेरी गत असेल तर पॅक सावलीतल्या पोर्ट्रेटसाठी वाया न घालवता थेट उन्हातल्या साध्या, ठळक आकारांसाठी वापरा. भिंत आणि तिची सावली, होडी आणि पाणी, असे काही. इन्स्टॅक्सची रसायनव्यवस्था वेगळी आहे, पण पांढरा आधी, काळा नंतर हा क्रम तिथेही चालतो.

रंगाची झाक हे याच म्हातारपणाचे दुसरे रूप. निळ्या, हिरव्या आणि तांबड्या प्रकाशाचे थर वेगवेगळ्या गतीने थकतात, म्हणून तोल जातो. पण झाक दिसली की आधी थर्मामीटर बघा. गरम हवेत उमटलेला फोटो पिवळा-तांबूस आणि थंडीत उमटलेला निळसर व फिका येतो, फिल्म ताजी असली तरी. विदर्भातल्या मे महिन्यात ४४-४५ अंशांत काढलेला फोटो पिवळा आला तर तारखेला दोष देण्यात अर्थ नाही. कॅमेरा थर्मासच्या पिशवीत, कापडात गुंडाळलेल्या बर्फाच्या पॅकसोबत न्या, आणि फोटो बाहेर आल्यावर गार खोलीत उमटू द्या.

खोलीच्या तापमानालाही पिवळेपणा राहिला तर हलक्या निळ्या जिलेटीनचा (रंगीत पारदर्शक कागदाचा) तुकडा भिंगावर लावा. यात एक चूक ठरलेली: ६०० च्या कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारा डोळा भिंगापासून वेगळा असतो. त्याच्यावरही त्याच जिलेटीनचा तुकडा हवा, नाहीतर फोटो गडद येतो आणि दोष पुन्हा फिल्मवर जातो. फ्लॅश वापरत असाल तर जिलेटीन फ्लॅशवर लावणे जास्त सोपे.

विमानप्रवासात सामानाची क्ष-किरण तपासणी झालेली फिल्मही अशीच धूसर होते. चेक-इन बॅगेत फिल्म टाकूच नका, हातातल्या सामानातही सीटी स्कॅनर असेल तर हाताने तपासण्याची विनंती करा.

तांबूस किंवा पांढरी धूप

छत्री उशिरा उघडली. जुन्या लेपात हे नेहमीचे. बाहेर येणाऱ्या फोटोवर उलगडणारी काळी जीभ कॅमेऱ्याला असेल तर ती फाटलेली किंवा सुरकुतलेली नाही ना, बघा. जीभच नसेल तर हाताची सावली धरा. जीभ फोटोवर पाच-सहा सेकंद राहू द्या, मग फोटो थेट उलटा करून खिशात किंवा डब्यात टाका.

शटर दाबले, काहीच झाले नाही

पोलरॉइडच्या ६०० आणि एसएक्स-७० या जुन्या प्रकारच्या कॅमेऱ्यांना स्वतःची बॅटरी नसते. पॅकच्या तळाशी असलेली ६ व्होल्टची चपटी बॅटरी मोटर, फ्लॅश, सगळे चालवते. त्यामुळे फिल्म कदाचित ठीक आणि बॅटरी मेलेली, असे वारंवार होते. पॅकच्या पाठीवरच्या दोन गोल छिद्रांत मल्टिमीटर लावून बघा. ५.५ व्होल्टच्या खाली असेल तर आशा सोडा. ६ दाखवत असेल तरी निश्चिंत होऊ नका. मोजताना भार नसतो, मोटर फिरताच व्होल्टेज कोसळते आणि फोटो अर्ध्यावर अडकतो.

सोपा उपाय: ६०० चा पॅक आजच्या आय-टाइप कॅमेऱ्यात घाला. ‘वनस्टेप २’ किंवा ‘नाऊ’ या कॅमेऱ्यांना स्वतःची चार्ज होणारी बॅटरी आहे आणि ते ६०० ची फिल्मही घेतात. पॅकची बॅटरी जिवंत असो वा नसो.

असा कॅमेरा नसेल तर फिल्म दुसऱ्या कार्ट्रिजमध्ये (पॅकच्या डबीत) हलवावी लागते. नुकत्याच संपलेल्या ६०० पॅकच्या बॅटरीत आणखी एका पॅकपुरता जोर सहसा उरलेला असतो, म्हणून रिकामे पॅक फेकू नका, त्यावर महिना-वर्ष लिहून ठेवा. काळी चेंजिंग बॅग (उजेड आत न जाणारी, हात घालता येणारी पिशवी) घ्या. आत दोन्ही कार्ट्रिज ठेवा, हात घाला. जुन्या पॅकच्या पुढच्या फटीतून आधी फोटोंना उजेडापासून झाकणारा काळा पुठ्ठा आणि मग एकेक फोटो बाहेर काढा, जाड पट्टीवर बोटांचा दाब न देता. पुडी फुटली की तो फोटो गेला. रिकाम्या कार्ट्रिजमधली स्प्रिंगची पट्टी अंगठ्याने दाबून फटीतून फोटो आत सरकवा. चित्राची बाजू वर, जाड पट्टी फटीकडे. सर्वांत शेवटी, सगळ्यांच्या वर, काळा पुठ्ठा. मगच बॅग उघडा. हे अंधारात पहिल्यांदाच करू नका. दोन-तीन बिघडलेले फोटो आणि पुठ्ठा घेऊन उजेडात हात बसवा, मग डोळे मिटून करा.

पुठ्ठा बाहेर येत नाही, दोन फोटो चिकटून येतात

मोटर फिरते, पण पुठ्ठा हलत नाही, म्हणजे पॅक फुगला आहे किंवा आत पुडी गळून सगळे चिकटले आहे. पॅक सपाट टेबलावर ठेवून तळ डोलतो का बघा. डोलत असेल तर आतली बॅटरी फुगली आहे. तो पॅक कॅमेऱ्यात जबरदस्तीने ढकलू नका, काढताना अडकेल. न डोलणाऱ्या पॅकसाठी अंधारात पुठ्ठा हाताने काढून बघता येतो. तो ओला किंवा चिकट लागला तर तिथेच थांबा, कारण तो लेप रोलरवर गेला की पुढच्या ताज्या पॅकचेही हाल होतात.

पावसाळ्यात चिकटण्याचे मुख्य कारण दव. मुंबई-कोकणातल्या जुलैच्या हवेत फ्रिजमधून काढलेले पॅक लगेच फोडले तर फोटोंवर पाणी धरते आणि त्यांच्या थरांमधले जिलेटीन फुगते. सीलबंद पॅक बाहेर ठेवून किमान तासभर, पावसाळ्यात दोन तास थांबा, फॉइल हाताला कोरडे आणि खोलीइतके कोमट लागले की फोडा. फ्रिजमध्ये ४ ते १८ अंश चालतात. फ्रीझरमध्ये मात्र कधीही नाही, लेपातले पाणी गोठले की पुडी निकामी होते. फॉइल एकदा उघडले की दोन महिन्यांत संपवा, मधल्या काळात सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवा.

सोलायची फिल्म

फुजीची एफपी-१००सी २०१६ मध्ये बंद झाली, तेव्हा आता जी मिळते ती सगळी मुदतीपलीकडचीच. तिच्यात मोटर नसते, हातच मोटर असतो. पांढरी पट्टी ओढून झाली की पिवळी पट्टी सरळ रेषेत, एका दमात, मधे न थांबता ओढा. थांबलात तिथे रेघ पडते. तिरपी ओढलीत तर एक कोपरा कोरा. लेप घट्ट झाल्याने पट्टी जड लागते आणि लोक झटका देतात, मग पट्टी तुटते. तुटलीच तर अंधारात कॅमेरा उघडून तो एक थर बाहेर काढा, बाकीचे वाचतात. उमटण्याचा वेळ खोक्यावर तापमानानुसार दिलेला असतो. जुन्या फिल्मला त्यापेक्षा अर्धा मिनिट जास्त द्या, घाईने सोलली तर रंग पुरते चढलेले नसतात. सोललेली निगेटिव्ह बाजू ओली आणि दाहक असते. ती टेबलावर तशीच उघडी न टाकता वर्तमानपत्रात गुंडाळून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका.